ल्वींदीत घेतलेलं नाव

मोंझे,
१४ जुलै १९९६

प्रिय चोल्वेदादा,

तुझं शेवटचं पत्र जोहान्सबर्गच्या ज्या खाणीतून आलं होतं, त्याच पत्त्यावर लिहितेय. आम्ही सगळी बरी आहोत. यंदा मका चांगला झाला. तांबडी गाय व्याली. वहिनीही बरी आहे.

गेल्या आठवड्यात ल्वींदीचा सण झाला. नव्या मक्याची दारू घेऊन, ढोल वाजवत सगळा गाव पूर्वजांच्या झोपडीशी जमला. तुझी आठवण निघाली.

नुसती आठवण नाही निघाली, दादा. आदल्या दिवशी मामा आईला म्हणाला, "अगं, किती वर्षं वाट बघायची? उद्या पोराचं नाव गेलेल्यांत घेऊ दे. तुझ्या सुनेला, बिलीकाला, चोमाहून मागणी आलीय. ती काय अशीच म्हातारी होणार?"

"माझ्या पोराला तू मारणार? आपल्या तोंडानं?" आई कडाडली.

वहिनी चूल फुंकत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, मी त्यांना रोज मारते अन् रोज जिवंत करते. दमले आता."

मग आईनं उठून दारूचा भोपळा धुवायला घेतला.

ल्वींदीला मामा गुडघे टेकून दारू ओतत एकेक नाव घेत होता. पणजोबा, आजोबा, आपले बाबा. पुढे अडखळला. आईनं त्याच्या हातातला भोपळा ओढून घेतला, मातीवर धार धरली आणि म्हणाली, "चोल्वे."

सगळ्यांनी रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या. त्या थांबल्या, आणि "ओ, आई" ऐकू आलं.

तुझाच आवाज. आई वळली, वहिनी वळली. बाकी कुणाला काही कळलंच नाही. आई म्हणते, ओ रस्त्यावरून आली. वहिनी म्हणते, झोपडीतून. दोघींनी मला विचारलं. मी म्हटलं, "मला नाही बाई काही ऐकू आलं."

वहिनी काल चोमाला गेली. आई तिला फाट्यापर्यंत सोडून आली, आणि तेव्हापासून रस्त्याकडे तोंड करून बसलीय. जेवायलाही उठत नाही. "येईल एवढ्यात," म्हणते.

दादा, मी ऐकलं होतं. ओ झोपडीतूनच आली.

तू असशील, तर मला खोटी ठरव आणि निघून ये. नसशील, तर ऐक, आई आता सारखी तुला हाका मारतेय. मी तुझ्या पाया पडते, पुन्हा ओ देऊ नकोस.

तुझीच,
लुयान्दो