एक डिसेंबरची पिल्लं

२ नोव्हेंबर, बुधवार

आजही काही ठरलं नाही. टीव्हीवर तेच सहाजण, तेच लांब टेबल, तेच पाण्याचे ग्लास. खाली पट्टी — ‘चर्चा सकारात्मक’. सार्वमत होऊन दोन वर्षं झाली, भिजत घोंगडं पडलंय! तीस तारखेला आपला देश व्यापारसंघातून बाहेर पडणार, एवढं नक्की. बाहेर पडून कुठे जाणार, ते विचारायचं नाही. पुलापलीकडे, शेजारच्या देशात, माल जाणार का, कुठल्या कागदावर जाणार, कोण तपासणार — सगळं हवेत.

आणि आमच्या हॅचरीतली दहातली सात पिल्लं जातात पुलापलीकडेच. दर गुरुवारी. सव्वीस वर्षं मी ती उबवते आहे, एक गुरुवार चुकला नाही. मालक आज तीनदा उबवणीच्या खोलीत आले, तीनदा काटे बघून परत गेले. घाबरलेत. वडिलांसारखी छाती नाही पोरात.

५ नोव्हेंबर, शनिवार

लेकीचा फोन. पाऊण तास!

पण विषय एकच. “आई, फॉर्मवर सही केलीस का?” पुलापलीकडे, ती राहते तिथला नियम असा — तीस तारखेला जो पलीकडे राहत असेल, त्याला कायम राहता येईल. त्यानंतर आईबापांना बोलावता येणार नाही. भेटायचं तरी व्हिसा, आणि त्याला म्हणे आठ आठवडे. म्हणून तिने माझा फॉर्म स्वतःच भरून पाठवलाय. मी फक्त सही करायची आणि सव्वीस तारखेच्या बसमध्ये बसायचं. पाच तासांचा तर रस्ता!

मी म्हटलं, “तूच ये की परत. तुझी खोली आहे तशी आहे.”

“आई, माझी नोकरी इथे आहे.”

“माझीही इथे आहे.”

“तुझी नोकरी टिकणार आहे का पण?”

हे बोलायची काही गरज होती का? दुखलं. मी म्हटलं, दुधाचं पातेलं गॅसवर आहे, आणि फोन ठेवला. गॅसवर काहीही नव्हतं.

६ नोव्हेंबर, रविवार

दिवसभरात एकच फोन. राँग नंबर. कुणा बाईला टेलर हवा होता. ब्लाउजच्या बाह्या आखूड झाल्यात म्हणे. मी तिला सहा मिनिटं धरून ठेवलं. शेवटी तीच म्हणाली, “बरं, ठेवू का?”

९ नोव्हेंबर, बुधवार

आज खरा प्रश्न समोर आला.

अंडं भरल्यापासून पिल्लू निघेपर्यंत एकवीस दिवस. हे काही मंत्रिमंडळ ठरवत नाही, कोंबडी ठरवते. उद्या भरली तर पिल्लं निघणार एक डिसेंबरला. म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या सकाळी! त्या सकाळी पूल उघडा असेल का? आणि बंद असला तर? पिल्लू बाहेर येताना पोटात बलक घेऊन येतं, त्यावर अडीच-तीन दिवस काढतं, दाणापाणी लागत नाही. त्यापुढे मात्र खेळ खलास.

मालक म्हणाले, “पलीकडचा व्यापारी म्हणतोय, भरा, शेवटच्या घटकेला करार होणारच. बँक म्हणते, थांबा. बाई, तुम्ही सांगा, उद्या भरायची की नाही?”

मी? मी कोण सांगणार? पण ते खरंच थांबले होते. हातातली किल्ली फिरवत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

म्हटलं, “भरू या.”

ते एवढे सुटल्यासारखे झाले की मला त्यांची कीव आली.

१० नोव्हेंबर, गुरुवार

भरली. चोवीस हजार. टोक खाली, बूड वर. शेवटचा ट्रे मी स्वतः लावला, दार लावलं, काटा बघितला. मशीन घुमायला लागलं की मला बरं वाटतं. घरात आवाज करणारं दुसरं कोण आहे? फ्रिज. तोही मधूनमधून.

आता खरं लिहू. मी ‘भरू या’ म्हटलं ते व्यापाऱ्याकडे बघून नाही, करारावर विश्वास ठेवूनही नाही. अंडी भरली की मला तीन आठवडे हलता येत नाही. आर्द्रता, उष्णता, अठराव्या दिवसाची तपासणी — माझ्याशिवाय कुणाला जमत नाही. म्हणजे सव्वीसची बस आपोआप गेली. लेकीला ‘नाही’ म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून चोवीस हजार अंड्यांना मध्ये घातलं.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

तिला कळवलं. “तीन आठवडे निघता येणार नाही गं, माल भरलाय.”

ती म्हणाली, “तारीख तुला माहीत होती.”

“होती.”

“मग?”

मी फोन ठेवला आणि काटा बघायला गेले. 

१३ नोव्हेंबर, रविवार

काल जेवणाच्या सुट्टीत मोठा तमाशा झाला. आमचा ट्रकचा ड्रायव्हर — त्याला सगळे भोंगा म्हणतात, कुजबुजला तरी गेटपर्यंत ऐकू येतं — तो सहज बोलून गेला, “मी तर बाहेर पडायच्या बाजूनेच मत दिलं होतं बुवा!” झालं. पॅकिंगच्या बायका तुटून पडल्या. “आमच्या पोटावर पाय दिलास!” “तुझाच ट्रक उभा राहणार, बस मग त्यात!” तो लालबुंद. “अरे, त्यांनी सांगितलं होतं की पुलाच्या नाक्यावरचा जाच कमी होईल! मला काय ज्योतिष येतं?” मग माझ्याकडे वळला, “मावशी, तुम्ही तरी सांगा यांना.”

मी काय केलं? मी म्हटलं, “मत देताना डोकं वापरायचं असतं रे.” सगळ्या हसल्या. तो डबा झाकून ट्रककडे निघून गेला.

सकाळपासून ते वाक्य मला खातंय. कारण मी पण तेच मत दिलं होतं.

हे मी आजवर या वहीतही लिहिलं नव्हतं. त्या दिवशीच्या पानावर ‘मत देऊन आले, गर्दी नव्हती’ एवढंच आहे. मला संघाचं, कराचं, नाक्याचं काही पडलेलं नव्हतं. प्रचारात एक जण म्हणाला होता, ‘तुमची बाहेर गेलेली मुलं घरी परत येतील.’ बस्स! एवढं एक वाक्य ऐकलं मी. वाटलं, तिकडे काम करायला बंदी आली की येईल बॅग घेऊन. येईल, चिडेल, आठ दिवस तोंड फुगवेल आणि मग राहील. तिच्या खोलीतल्या चादरी मी त्याच आठवड्यात बदलल्या होत्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ती तर तिकडे कायमची होते आहे, आणि पूल बंद होतोय तो माझ्यावर.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

मालकांनी आज नवी अंडी भरू दिली नाहीत. “एक तारखेचं काय होतं ते बघू.” सव्वीस वर्षांतला पहिला रिकामा गुरुवार. दुसरं मशीन बंद. मी त्याच्या आतल्या भिंती पुसल्या. परवाच पुसल्या होत्या.

भोंग्याशी बोलायला गेले होते. जमलं नाही. ट्रकच्या टायरबद्दल विचारून परत आले.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

चर्चा तुटली. चर्चा पुन्हा सुरू. बटाटे महाग. औषधाच्या दुकानासमोर रांग — कशासाठी, ते रांगेतल्यांनाही नीट माहीत नव्हतं, मीही उभी राहिले. गर्दीत बरं वाटलं.

२६ नोव्हेंबर, शनिवार

आज साडेनऊची बस होती. मी स्टँडवर गेले होते. बॅग न घेता. उगाच. बस फलाटाला लागली, भरली, गेली. बायका, म्हातारे, गाद्यांच्या वळकट्या, एकीच्या हातात शिवणयंत्र. कंडक्टर मला म्हणाला, “मावशी, चढायचंय का? जागा आहे एक.”

जागा होती!

तिथे जाऊन मी कोण, हा प्रश्न आहे. इथे चोवीस हजार अंड्यांची मी मालकीण आहे, मालक काही म्हणोत. तिथे दोन खोल्यांच्या घरात लेकीची आई. सकाळी ती कामावर गेली की खिडकी. नाही जमणार मला. आणि तरी बस वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी हलले नाही.

घरी आल्यावर तिचा फोन वाजत होता. उचलला नाही. काय बोलू?

२८ नोव्हेंबर, सोमवार

अठरावा दिवस. प्रत्येक ट्रे दिव्यावर धरून बघितला. आत उजेड दिसला तर अंडं वांझ, काळोख दिसला तर पिल्लू. काळोखच काळोख! इतकी चांगली खेप दोन वर्षांत नव्हती. फलधारणा एवढी छान आणि नाका बंद व्हायला दोन दिवस. आनंद कुणाला सांगू? मालकांना सांगितलं, त्यांनी कपाळ चोळलं.

३० नोव्हेंबर, बुधवार

करार झाला नाही. “तात्पुरती व्यवस्था” झाली आहे म्हणे. ती काय आहे, ते उद्या जाहीर करणार. वरातीमागून घोडं!

लेकीने मेसेज केला — “आज शेवटचा दिवस, आई.” मी दोन तास उत्तर जुळवत बसले आणि लिहिलं, “जेवलीस का?”

१ डिसेंबर, गुरुवार

निघाली! पहाटे दार उघडलं तर चिवचिवाटाने कान भरले. वीस हजारांवर पिल्लं. दोनशे पेट्या, एकेकीत शंभर; या खेपेची सगळीच पुलापलीकडे जायची. सरकारी पशुवैद्यांनी जुन्याच कागदावर सही-शिक्का दिला, “नवा आमच्याकडे आलेला नाही,” म्हणाले. भोंग्याने आठ वाजता ट्रक काढला. जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

सकाळी अकराला नाक्यावरून फोन — थांबवलंय. नवा फॉर्म हवा. तो कुठे मिळेल? छापून यायचाय!

२ डिसेंबर, शुक्रवार

ट्रक तिथेच. पंख्यासाठी इंजिन चालू ठेवून भोंगा कालपासून सीटवर बसलाय. डिझेल संपत आलं तेव्हा कॅन घेऊन मैलभर चालत गेला. मला फोन करून म्हणाला, “मावशी, आवाज कमी व्हायला लागलाय यांचा. काय करू?” त्याचाही आवाज कमी झाला होता. मी सांगितलं, पेट्या आलटूनपालटून पंख्यासमोर घे, पाणी शिंपडू नकोस, गारठतील. फोनवर फोन. संध्याकाळपर्यंत अकरा.

मालकांना म्हटलं, परत बोलवा. ते म्हणाले, “अजून एक सकाळ बघू, बाई.” भरायची म्हणणारी मी, आता कुठल्या तोंडाने भांडू?

३ डिसेंबर, शनिवार

दुपारी ट्रक परत आला. एकोणतीस पेट्या पूर्ण गेल्या. बाकीच्यांतलीही कोपऱ्याकोपऱ्यात पडलेली. जी जिवंत होती त्यांच्या चोची मी एकेक करून पाण्यात बुडवल्या, प्यायला शिकवल्यासारखं. पॅकिंगच्या बायकाही बसल्या. कुणी राजकारण काढलं नाही.

मालकांनी गेट उघडून सांगितलं, ज्यांना हवी त्यांनी न्या. लोक पुठ्ठ्याचे खोके, बादल्या, एक जण तर बाळाची गाडी घेऊन आला. तासाभरात गेट रिकामं.

भोंगा हात धूत होता. खूप वेळ धूत होता. म्हणाला, “माझ्या मतामुळे झालं ना हे?”

मी म्हटलं, “माझ्याही.”

त्याने नळ बंद केला. “म्हणजे?”

सांगितलं सगळं. लेकीसकट. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, “आणि ती आली का?”

७ डिसेंबर, बुधवार

हॅचरी महिनाअखेर बंद. मालक एकेकाला आत बोलावून सांगत होते. मला सांगताना रडले. मीच त्यांना पाणी दिलं.

घरी येऊन तिच्या खोलीच्या चादरी काढल्या आणि पुन्हा त्याच घातल्या.

१० डिसेंबर, शनिवार

मशीनं रिकामी, म्हणून तीन दिवस घरीच; कुणाशी बोलले नाही. आज दूधवाल्याला ‘नको’ म्हणाले तर स्वतःचाच आवाज घोगरा वाटला.

उद्या तिला फोन करणार. नोकरी गेल्याचं सांगेनच. पण त्याआधी मताचं. तुला परत आणायला मी पूल तोडला, असं सरळ सांगणार. तोडून बोलली तर बोलू दे. यापुढे भेट वर्षातून एकदा, व्हिसा मिळाला तर. मनात हे ठेवून ती भेट मला नको.

११ डिसेंबर, रविवार

सांगितलं. एका दमात.

 ती म्हणाली, “आई, मी पण तेच मत दिलं होतं. पोस्टाने. वाटलं, हॅचरी बंद पडली तर तू एकदाची माझ्याकडे येशील.”