माफी मागणार नाही

प्रिय ताईस,
तुला आणि भावजींना नमस्कार, पोरांना पापे.

यंत्रमागांच्या शेडमध्ये वाढलेल्या आपल्याला जन्मभर एकच ऐकवलं गेलं: हळू बोला. त्या खडखडाटात हळू बोलणाऱ्याचं कधी कुणी ऐकलं होतं का?

इकडे सगळं ठीक. कारखाना चालू आहे, जेवण वेळेवर होतं, खिडकीला नवी काच बसवली. पुन्हा कुणी दगड मारलेला नाही.

परवा नगरपालिकेच्या सभेत मी रंगारी गल्लीसाठी गटार मागितलं. समोरच्या बाकावरचा औषध दुकानदार शेजाऱ्याशी पुटपुटला. ऐकू काहीच आलं नाही, पण ओठांवरून बोलणं ओळखायला आपण मागापाशीच शिकलो ना! मी उभा राहून त्याचं वाक्य सगळ्यांना ऐकवलं: "या उपऱ्याला त्याच्याच कापडात गुंडाळून परत पाठवा."

"मी बोललोच नाही!"

"मग घाम कसला पुसताय, साहेब?"

सभागृह हसलं. अध्यक्ष मात्र म्हणतात, आरडाओरड्याबद्दल माफी मागा, नाहीतर गटाराच्या मतदानाला बसू देणार नाही. त्या गल्लीतली माणसं रोज रंगीत पाण्यातून घरी जातात. त्यांनी मला निवडलंय. मी माफी न मागताच बसणार. हिंमत असेल तर उचलून बाहेर काढा म्हणावं.

आईचे गुडघे कसे आहेत? काचेचं तिला सांगू नकोस.

दादानं घाबरून माझं परतीचं तिकीट काढलंय. तो तुझंच ऐकतो. पत्र मिळताच त्याच्याकडे जा आणि ते तिकीट रद्द करायला लाव.

तुझा हट्टी धाकटा