चाकांचा चिखल

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शिवणयंत्राला जरा दम घेऊ दे आणि हे पत्र नीट बसून वाच. आमच्या निसर्गशाळेच्या तळ्याकाठी मी लाकडी मचाण बांधून घेतलंय. सोपा चढ, कडेला कठडा. भिंगरीची चाकाची खुर्ची थेट पाण्याच्या वर जाऊन उभी राहील. सुतार म्हणतो, इतकं गुळगुळीत काम त्याने स्वतःच्या घरातही केलेलं नाही! आता तरी भाचीला शिबिराला पाठव.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर धाड.

तुझा,
भाऊ

११ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझं मचाण तुला लखलाभ! शाळेच्या मागच्या सहलीत भिंगरी दिवसभर बसमध्ये बसून सगळ्यांची दप्तरं राखत होती. घरी येऊन मला म्हणाली, मजा आली, आणि पांघरूण डोक्यावर ओढून झोपली. लांबून दुसऱ्यांची मजा बघायला माझ्या लेकीला पुन्हा पाठवायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवलं होतं.

पण तुझं पत्र तिने चोरून वाचलं, आणि तेव्हापासून गाल फुगवून बसलीय. हरले बाबा मी. पाठवते. मात्र पोर हिरमुसून परत आली तर तुझी खैर नाही.

तिला जप, स्वतःलाही जप.

तुझी,
ताई

२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या लेकीने माझी पार जिरवली. ती मचाणावर एकटी आणि बाकीची पोरं खाली काठावर किंचाळतायत. मी मोठ्या कौतुकाने विचारायला गेलो, तर म्हणाली, मामा, बसमध्ये सोबतीला दप्तरं तरी होती. माझं तोंड एवढंसं झालं.

मग काय करू, हे तिलाच विचारलं. तिने खाली काठाकडे बोट दाखवलं. ताडपत्री अंथरून तिला पालथं झोपवलं, नाक पाण्याला टेकेल इतकं जवळ. उभ्या पोरांच्या सावल्या पडल्या की पाण्यातले किडे दडी मारायचे. हिच्यापुढे खुशाल फिरायला लागले. चतुराचं पाण्यातलं पिल्लू सगळ्यांत आधी हिला दिसलं! मग काय, अख्खी पलटण तिच्या शेजारी आडवी. आता आमच्याकडे नियमच झालाय, तळं बघायचं तर पालथं पडून. अभिमानाने छाती फुटायची बाकी होती गं.

ताडपत्री फार टोचते. पाणी न शिरणारी एक गादी शिवून देशील?

माया आहेच, तेवढी गादीही असू दे.

तुझा,
भाऊ

५ एप्रिल

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

गादी शिवायला घेतलीय. एकटीपुरतं माप घेतलं, तर बाईसाहेबांनी माझ्या हातातली कात्रीच हिसकावली. म्हणे, सगळे मावतील एवढी कर.

परतताना पोरांनी तिची खुर्ची ओल्या वाटेने हाकली म्हणे. दारापासून तिच्या खोलीपर्यंत चिखलाचे दोन पट्टे उमटलेत. फरशीवर दोऱ्याचा तुकडा दिसला तरी मी घर डोक्यावर घेते, तुला ठाऊक आहे. फडकं घेऊन वाकले, पण हात काही चालेना. इतकी वर्षं ही चाकं बाहेरून कशी लख्ख घरी यायची रे!

शेजारीण डोकावली, म्हणाली, हे काय झालं? मी म्हटलं, आमची भिंगरी तळ्यावर जाऊन आली. हे सांगताना मान अशी काही ताठ झाली की विचारू नकोस.

पट्टे अजून तसेच आहेत. गादी न्यायला येशील तेव्हा ओलांडून आत ये.

तुझी,
ताई