भुऱ्याच्या रक्ताचा आकडा

४ सप्टेंबर
भुऱ्या दिवसेंदिवस वाळत चालला. एवढा गुबगुबीत ससा, आता हाताला नुसती हाडं लागून राहिली. मी दिवसभर कापडाच्या दुकानात, घरी सासूबाई. 'देतो ना बाई मी गवत,' म्हणतात. देतात का खरंच?

६ सप्टेंबर
जनावरांच्या डॉक्टरांनी कानाच्या शिरेतून रक्त काढलं. गोंदियात सशाचं रक्त कोण तपासणार? माणसांच्याच लॅबमध्ये दिलं. अल्ब्युमिन फार कमी आलं. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं हे प्रथिन उपासमारीनं घटतं, लिव्हर बिघडलं तरी घटतं. नागपूरहून खात्री करून घेऊ. मी 'उपासमार' एवढंच ऐकलं.
घरी येऊन रिपोर्ट सासूबाईंसमोर आपटला. मुक्या जिवाला उपाशी काऊन ठेवलं, विचारलं.
'मी काय करतो ते कागद सांगते का?'
नवरा उमेंद्र टीव्ही बघत बसला. आईच्या बाजूनं नाही, माझ्याही नाही.

७ सप्टेंबर
सासूबाई दरेकशाला गेल्या, गावच्या जुन्या घरी. उमेंद्रनं स्टेशनवर सोडलं. बरं झालं!

१५ सप्टेंबर
नागपूरचा रिपोर्ट आला. अल्ब्युमिन ठीक! तिथं वेगळ्या पद्धतीनं मोजतात. माणसांसाठीच्या पद्धतीत सशाचा आकडा चुकू शकतो म्हणे. मग डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं — मागच्या दाढा वाढून जिभेत रुतलेल्या. समोर गवत असून चावता येत नव्हतं. दाढा घासल्या. 'हे आधीच बघायला पाहिजे होतं,' म्हणाले. आता म्हणून काय!
म्हणजे सासूबाई देत होत्या. रोज.

१६ सप्टेंबर
फोन करून माफी मागितली.  त्यांनी भुऱ्या खातो का, ते विचारलं. परत या म्हटलं, तर — 'आधी आपल्या नवऱ्याले विचार.'

१७ सप्टेंबर
विचारलं. जेवता जेवता सांगून मोकळा झाला. गावी जाऊन राहा, असं त्यानं आईला उन्हाळ्यातच सांगितलं होतं. ती हलत नव्हती.
'तू भांडली, माझं काम झालं. आता कायले आणतेस?'
वर म्हणतो, लोक बोलतील तर तुलाच बोलतील. आणि भात वाढून घेतला.

१८ सप्टेंबर
मी तिकडे येऊ का, सासूबाईंना विचारलं. 'ये,' म्हणाल्या. सकाळच्या गाडीनं भुऱ्याला घेऊन दरेकशाला चालले. त्यांना आणायला नाही. राहायला.