लिनक्स, नग एक

३ मार्च, सोमवार.
ग्रंथालयाचा संगणक दुरुस्त होऊन आला. मागणीपत्रात मी स्वच्छ लिहिलं होतं : लिनक्स, नग एक. संगणकवाल्याने पोचपावतीवर सही मागितली. मोजल्याशिवाय मी सही करत नाही. पस्तीस वर्षांत केलेली नाही.

४ मार्च.
मोजलं. आत पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रामचे गठ्ठे, निघाली एक हजार आठशे बारा. त्यांत पत्त्यांचा खेळसुद्धा. कुठेतरी पाणी मुरतंय.

५ मार्च.
संगणकवाल्याला खडसावलं. तो म्हणाला, लिनक्स म्हणजे खरं तर नुसता कर्नल. मेमरी, डिस्क, कीबोर्ड यांच्याकडून काम करून घेणारा गाभा. माणसाला वापरता यावं म्हणून त्याच्याभोवती खिडक्या, हत्यारं, प्रोग्राम बांधून जो अख्खा संच देतात, तो डिस्ट्रिब्युशन. तोच बसवलाय.
म्हणजे कबुलीच दिली. मागणीपत्रात ‘संच’ शब्द नाही. माझी सहायिका खाली मान घालून हसली. दोघं चहा एकत्र घेतात, हे मी आधीच टिपून ठेवलंय.

६ मार्च.
पासवर्ड मागून घेतला. देताना म्हणाला, काही काढू नका. काढू नका म्हटलं की काय ते समजावं.
निश्चय : जादा नग रोज थोडे थोडे काढायचे. चौदाला तपासणी समिती येतेय. अकरा हजार पुस्तकांची यादी याच संगणकात आहे, आणि माझी निवृत्तीनंतरची मुदतवाढ समितीच्या हातात. परका माल आत नको.

८ मार्च.
पत्त्यांचा खेळ काढला. सहायिकेचा चेहरा उतरला नाही. सराईत आहे.

१० मार्च.
यादीची प्रत पेनड्राइव्हवर घेऊ का, असं सहायिकेने विचारलं. अकरा हजार पुस्तकं पर्समध्ये घालून घरी न्यायची! नाही म्हटलं. पुस्तकांच्या जुन्या कार्डांचे खण गोदामात टाकायला तिला सांगून महिना झाला. उद्या हलवते म्हणते. शेरा लिहून ठेवला.

१२ मार्च, संध्याकाळी ५.
अकराशे काढले. आता संगणकच आडकाठी करतो. म्हणतो, हे काढणं धोक्याचं आहे. तरीही काढायचं असेल तर ‘हो, मी सांगते तसंच कर’ अशा अर्थाचं पूर्ण वाक्य टाइप करा म्हणाला. केलं. या कार्यालयात एवढ्या अदबीने आजवर कोणी वागलं नव्हतं.

१३ मार्च.
बाकीचे संपवले. उरला फक्त कर्नल. संगणक बंद केला. उद्या समितीसमोरच सुरू करीन.

१४ मार्च.
बटण दाबलं. काळा पडदा. पांढऱ्या अक्षरांच्या काही ओळी. मग काहीच नाही.
समितीच्या अध्यक्षांनी एक पुस्तक मागितलं. सहायिकेने कार्डांच्या खणातून दोन मिनिटांत शोधून दिलं. माझ्या मुदतवाढीचा विषय निघाला नाही. प्रमुखपद झेपेल का, असं त्यांनी तिला विचारलं.
दुपारी संगणकवाला आला. यादी डिस्कवर जशीच्या तशी आहे म्हणाला, फक्त ती उघडून दाखवायला आत कोणी उरलेलं नाही. मग खिशातून तीच पोचपावती काढली.
“बाई, आता अगदी मागणीपत्राप्रमाणे आहे.”
मोजलं. नग एक. सही केली.