लड्डूच्या पेटीतली रेती

६ नोव्हेंबर
ऋचा सकाळच्या गाडीने इंदूरला गेली. तीन महिन्यांचं ट्रेनिंग. तिचा लेपर्ड गेको (तिच्या आईच्या, सुधाच्या भाषेत पाल) आता माझ्या ताब्यात. नाव लड्डू. पिवळा, काळे ठिपके, शेपूट मुळ्यासारखी जाड. भिंतीवर चढत नाही, पापण्या मिटून झोपतो. सभ्य प्राणी.

पेटीत खाली टिशू पेपर. "बाबा, कागदच ठेवा, दुसरं काही घालू नका," असं दोनदा बजावून गेली. हो म्हटलं. पण खडकाळ मुलखातल्या जनावराला नॅपकिनवर ठेवायचं म्हणजे कमाल आहे पोरीची.

९ नोव्हें.
निर्णय घेतला. रेती.
एकतीस वर्षं फौंड्रीच्या सँड-लॅबमध्ये काढली. साच्याची रेती चिमटीत घेतली की सांगायचो कशी आहे. या एका विषयात मला कोणी शिकवू नये. तिलवाऱ्याच्या घाटावरून नर्मदेची पिशवीभर आणली. सुधा खूश. मैयाची रेती आहे, पालीचंही भलं होईल म्हणाली. पेटीजवळ आज पहिल्यांदाच आली.

१० नोव्हें.
सात पाण्यांनी धुतली. उन्हात वाळवली, जुन्या कढईत भाजली, तीन चाळण्यांतून काढली. खडा नाही, माती नाही, धूळ नाही. एक नंबर माल. पेटीत दोन बोटं थर दिला. लड्डू पाय पसरून पडला. ऋ.ला फोटो पाठवला नाही. एकदम येऊन बघू दे.

१४ नोव्हें.
खाणं जोरात. किड्यावर झडप घालतो तेव्हा थोडी रेतीही तोंडात जाते. मग जिभेने ओठ साफ करत बसतो. बघायला मजा येते.

१९ नोव्हें.
पाच दिवस शी नाही. परवापासून किडा समोर सोडला तरी तोंड फिरवतो. पोट हाताला टणक लागतं. ऋ.चा फोन आला, लड्डू कसा आहे? मजेत, म्हणालो.

सुधा ऐकत होती. "काहून लपवून राहिले? सांगून टाका न तिले." मी पेपर उघडला.

२० नोव्हें.
जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. बाहेर सगळे कुत्रेवाले, मांडीवर डबा घेऊन मी एकटा. एक्स-रेत पोटात पांढरा डाग, चांगला वाटाण्याएवढा. नीचे क्या बिछाया है, त्याने विचारलं. मी धुणं, भाजणं, चाळणं सगळं सांगितलं, आता लिहायला लाज वाटते, पण ऐटीत सांगितलं. पोरगेलासा डॉक्टर, शांतपणे ऐकून घेतलं.
"रेत तो बढ़िया है, अंकल. पर ये उसको खा रहा है."

लॅबमध्ये नमुना आला की फॉर्मचा पहिला रकाना असायचा: कोणत्या कामासाठी. तो भरल्याशिवाय मी रेतीला हात लावू द्यायचो नाही कोणाला. आणि घरी...

२१ नोव्हें.
रेती काढली. कण न् कण. सध्या कागद. डॉक्टरने सांगितलंय, रोज दोनदा पोट बुडेल इतक्या कोमट पाण्यात थोडा वेळ बसवायचं, पोटावरून हलकं बोट फिरवायचं. माझी बोटं जाड. सुधाने त्याला माझ्या हातून घेतलं. पालीला शिवणार नाही म्हणणारी बाई!

२३ नोव्हें.
आता पक्कं काहीतरी. या वेळी आधी रकाना भरला. गिळता येऊ नये, नख अडकू नये, पेटीखालच्या गरम पट्टीची ऊब वर पोचावी, पुसता यावं. गालिच्याच्या धाग्यात नखं अडकतात. लाकडाचा भुसा, पुन्हा तोंडात. उरली फरशी. दुकानात प्रत्येक नमुन्यावर कापूस फिरवून पाहिला: गुळगुळीत फरशीवर पाय घसरणार, फार खरखरीत असली तर पोट सोलणार. दुकानदार कंटाळला. बाबूजी, बाथरूम कितना बड़ा है? म्हटलं, दो फुट बाय डेढ़ फुट. पुढे काही विचारलं नाही त्याने.

मातकट, किंचित खडबडीत. मापात कापून घेतली. कडा घासल्या, सांध्यात कण राहणार नाही असं बसवलं. तासाभरात ऊब वर आली. निवड बरोबर आहे, यात शंका नाही.

२५ नोव्हें.
सकाळी पाण्यात थोडी शी. बशीत निथळून पाहिली, चिमूटभर रेती. सुधाला हाक मारून दाखवली. दोघं खिडकीशी उभे राहून बघत होतो.

२६ नोव्हें.
ऋ.ला सांगितलं. सगळं, तारखेवार. शेवटी ती म्हणाली, "मी विचारलं तेव्हा तुम्ही मजेत म्हणालात, बाबा." रेतीबद्दल एक शब्द नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. फार वाईट वाटलं.

२८ नोव्हें.
लड्डू फरशीवर उबेच्या बाजूला पडून. दोन थेंब पाणी चाटलं, किडा नाही. शेपूट जरा बारीक झालीय. पोटात डावीकडे अजून टणक लागतं. दुसरा एक्स-रे सोमवारी.

संध्याकाळी ऋ.चा फोन. "वाचेल ना?"
नक्की वाचेल, हे तोंडात आलं होतं.
"माहीत नाही," म्हणालो.
ती म्हणाली, "ठीक आहे. आता रोज तुम्हीच फोन करा."