अक्काच्या हातांचे अकरा सेकंद

पिंप्राळा, जळगाव
आखाजीनंतरचा चौथा सोमवार

तीर्थरूप अक्का हिस,

धाकट्या गिरधरचा खुर्चीत बसूनच नमस्कार. (वाकून करायचा होता, पण तीन आठवडे कॉम्प्युटरपुढे बसून पाठ अशी धरली आहे की वाकलो तर उरलेलं पत्र जमिनीवरच पुरं करावं लागेल.) इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, तू ते खरं धरू नकोस. तुझा खांदा कसा आहे? धुळ्याच्या डॉक्टरांनी दिलेलं तेल स्वतःला लावतेस, की दाजींच्या गुडघ्यांना चोळून बाटली संपवलीस? दाजींनाही नमस्कार सांग. पत्र पाहून तुला वाटेल की याच्या फोनला काय झालं. फोनला काही झालेलं नाही. पण फोनवर तू पहिल्याच वाक्याला "झाली का रे फिल्लम?" असं विचारशील आणि मी "होतच आली" म्हणेन, हे गेल्या तीन आठवड्यांत चार वेळा होऊन गेलं आहे. पाचव्यांदा तेच म्हणायची मला लाज वाटते. म्हणून पत्र.

तर अक्का, फिल्लम झालेली नाही. होणारही नाही. हे एकदाचं लिहून टाकलं म्हणजे पुढचं सावकाश सांगता येईल.

तुला आठवत असेल की निवृत्त होताना कचेरीने मला शाल, नारळ आणि व्हिडिओ कॅमेरा दिला. शाल कुंदाने तिच्या भावाला दिली, नारळाची चटणी झाली, कॅमेरा मात्र माझ्याकडे राहिला. त्यावर 'फुल एचडी' असं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं आहे आणि त्या अक्षरांनीच माझा घात केला. यंदा आखाजीला मांडे करायचं हे शेवटचं वर्ष, डॉक्टरांनी हात खांद्याच्या वर नेऊ नका म्हटलंय, असं तू सांगितलंस, तेव्हा मी लगेच म्हणालो की मग आपण त्याची फिल्म करू. मृणाली बंगळुरात आहे, लेकीला आईची विद्या निदान बघायला तरी मिळेल. (कुंदा म्हणाली मोबाइलवर घ्या, हातासरशी होईल. मी म्हणालो, मोबाइलवर लोक मांजरांचे व्हिडिओ काढतात. हे वाक्य ती आता मला रोज, जेवायला वाढताना, परत करते.) अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, खरं तर बहिणीने भावाकडे यायचं. पण आमच्या फ्लॅटात चूल पेटवली तर खालचे लोक बंब बोलावतील, म्हणून सहा वर्षं झाली, भाऊच बहिणीकडे दोंडाईच्याला माहेरपणाला येतो. तसा आलो आणि मागच्या अंगणात, तुझ्या चुलीसमोर, स्टुलावर ठाण मांडून बसलो.

आता माझी पहिली चूक सांगतो, आणि ही चूक साऱ्या जगात फक्त आपल्याकडचाच माणूस करू शकतो. कॅमेरा तुझ्या हातांवर लावायचा आणि गप्प बसायचं, एवढंच काम होतं. तू कणकेच्या दोन पाऱ्यांत पुरण भरलंस, कडा दाबल्यास, जरासं लाटलंस आणि तो मांडा दोन्ही हातांवर घेतलास. तेवढ्यात तानुबाई आल्या. शेजारीण आली आणि आपण तिच्याकडे पाठ करून बसलो, हे कसं दिसेल? मी कॅमेरा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी पदर सारखा केला आणि विचारलं, "मना बी फोटू येस का रे भाऊ त्यामा?" येतो म्हणालो. मग दाजींचे मित्र नथ्थूभाऊ आले. कॅमेरा त्यांच्याकडे वळवला नसता तर ते पुढची आखाजी होईस्तोवर दाजींशी बोलले नसते. त्यांच्यामागे त्यांची सून, सुनेची आई, दूधवाला. ज्याचा त्याचा मान ठेवता ठेवता मी अडीच तास चित्रीकरण केलं. तू मधून मधून ओरडत होतीस, "ठेव तो डब्बा, मांडा गरम शे, खाई ले!" आणि मी हाताने 'थांब, थांब' करत होतो. यंदाच्या आखाजीला मी एकही मांडा गरम खाल्ला नाही अक्का, आणि थंड मांडा म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

घरी येऊन कार्ड कॉम्प्युटरला लावलं, तर त्यात 'मांडे' नावाचं काहीच नव्हतं. एका डब्यात दुसरा डबा, त्यात तिसरा, आणि अगदी तळाशी शून्य शून्य शून्य तीन अशा नावांच्या नऊ फायली. कॅमेऱ्याने अडीच तासांचे आपल्या मनाने नऊ तुकडे पाडले होते, तेही वाक्याच्या मधोमध. कॉम्प्युटर म्हणाला, हे मला उघडता येत नाही. मग मी एक एडिटिंगचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. जाहिरातीत एक बाई हसत हसत तीन बटणं दाबते आणि तिच्या लेकराच्या वाढदिवसाची फिल्म तयार होते. (ती बाई कुठे राहते ते कळलं तर मी जाऊन तिच्या पाया पडणार आहे, किंवा भांडणार आहे. कुठलं ते तेव्हा ठरवीन.) सॉफ्टवेअरने फायली उघडल्या खऱ्या, पण चित्र असं चालायचं की तू पुरण उचललंस की ते पारीत भरण्याच्या आत मी चहा पिऊन यावा. मग आवाज चित्राच्या मागे पडला. तू तोंड उघडतेस आणि नथ्थूभाऊंचा खोकला ऐकू येतो. नथ्थूभाऊ बशीतून चहा ओढतात आणि तुझा आवाज म्हणतो, "ठेव तो डब्बा". दोन दिवस मी आवाज पुढे ढकलत होतो, तर चित्र मागे सरकायचं. शेवटी सगळं कसंबसं जुळवून 'तयार करा' दाबलं. शिल्लक वेळ चार मिनिटं, असं आलं. मी अंघोळ करून आलो, तर शिल्लक वेळ एकोणीस तास. दुसऱ्या दिवशी दुपारी सत्त्याण्णव टक्क्यांवर लाइट गेली. लाइट आल्यावर सॉफ्टवेअरने विचारलं, आपण नवीन आहात का? अक्का, मला रडू आलं. खोटं नाही सांगत, निवृत्त माणूस, एकसष्टीचा, भर दुपारी टेबलावर डोकं ठेवून रडलो. कुंदाने येऊन पाहिलं, साक्रीची आहे ती, घाबरली की माहेरची भाषा येते तिच्या तोंडात. म्हणाली, "बठ्ठं गयं का मंग?" मी म्हणालो, नाही, सगळं नाही गेलं, अजून आहे. तेव्हा खरंच होतं.

पुढच्या आठवड्यात मला त्या सॉफ्टवेअरमध्ये एक नवीन बटण सापडलं. तुम्ही काही करू नका, मी आपोआप फिल्म करतो, असं म्हणणारं. बुडत्या माणसाने दोरी धरावी तसं मी ते धरलं. ते सात तास स्वतःशी गुरगुरत होतं आणि मग साडेतीन मिनिटांची फिल्म बाहेर आली. त्यात नथ्थूभाऊ हसताहेत. तानुबाई हसताहेत. सुनेची आई लाजून हसते आहे. दूधवाल्याचे तर सगळे दात मोजून घ्यावेत इतका जवळून. मागे सनई नव्हे, कसलं तरी समुद्रकाठचं गिटार, आणि सगळ्यांच्या कपाळावरून आडवं कंपनीचं नाव, कचेरीत रद्द कागदावर आम्ही शिक्का मारायचो तसं. तू नाहीस. मांडे नाहीत. चूल नाही. मी तळटीप वाचली तेव्हा उलगडा झाला. ते यंत्र माणसांचे हसरे चेहरे शोधतं. ज्या तुकड्यात चेहरा नाही तो निकामी धरून बाजूला काढतं. आणि तुझे हात जिथे जिथे नीट दिसत होते, तिथे तुझा चेहरा अर्थातच नव्हता. जिथे चेहरा होता, तिथे तू माझ्यावर खेकसत होतीस.

इथवर सगळं सावरण्यासारखं होतं. यापुढचं लिहिताना पेन जड होतं आहे. फिल्म दाखवून झाल्यावर सॉफ्टवेअरने मोठ्या अदबीने विचारलं की डिस्क भरत आली आहे, निकामी तुकडे काढून टाकू का? आणि मी 'होय' दाबलं. का दाबलं, असं विचारू नकोस. चौतीस वर्षं मी साहेबांपुढे फायली ठेवल्या आणि साहेबांनी न वाचता सह्या केल्या. मी मनात त्यांना काय काय म्हणायचो ते तुला माहीत आहे. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यापुढे इतक्या नम्रपणे फाइल ठेवली, आणि मी साहेब झालो. बरं, मूळ कार्ड तरी असावं? ते मी आधीच पुसून त्यावर आमच्या कॉलनीची सर्वसाधारण सभा घेतली होती. ज्या माणसाने आवक-जावक नोंदवहीचं फाटकं पान ऑडिट झाल्यावरही सात वर्षं टाकलं नाही, त्या माणसाने! कार्ड घेऊन बाजारात एका दुकानात गेलो. तिथल्या गृहस्थांनी तासभर खटपट करून सांगितलं, काका, यातून मिळेल ती फक्त तुमची सभा.

आता उरलं काय ते सांगतो. अकरा सेकंद. त्या साडेतीन मिनिटांत, पहिल्यांदा पाहताना माझ्या नजरेतून सुटलं होतं, नथ्थूभाऊ एका ठिकाणी बशी खाली ठेवून हसतात, आणि त्यांच्या उजव्या कानामागे तुझे दोन हात दिसतात. मांडा तळव्यांवरून मनगटावर, मनगटावरून पार कोपरापर्यंत येतो, इतका पातळ की मागची चूल त्यातून लाल दिसते. तू तो पालथ्या खापरावर टाकायला वळतेस आणि नथ्थूभाऊंना ठसका लागतो, त्यांचं डोकं आडवं येतं. खापरावर मांडा कसा पडला, ते कुणालाच कधी कळणार नाही. ते अकरा सेकंद राहिले तेही नथ्थूभाऊ हसले म्हणून. त्यांना माझा नमस्कार सांग.

मला माफ कर, एवढंच मागणं आहे. तू दुखऱ्या हाताने बावीस मांडे केलेस आणि मी त्यांची सभा करून टाकली.

तुझा,
गिरधर

ता. क. मृणालीला यातलं काही कळवू नकोस. कुंदा म्हणते की पुढच्या आखाजीला ती मांडे करून बघेल. ती हे पत्र वाचणार असल्यामुळे मी यावर मत देत नाही.

ता. क. दुसरा. कुंदाने पत्र वाचून पाकीट डकवलं होतं, ते मी पुन्हा उघडलं आहे. मृणालीला सांगितलंस तरी चालेल, तिला काही वाटणार नाही. तिने माझ्याकडे फिल्म मागितलीच नव्हती. मी फोन केला तेव्हा म्हणाली, "मामा, इथे पुरणपोळी घरपोच मिळते." फिल्म हवी होती ती मला. आई गेल्यापासून दर आखाजीला तुझ्या हातचा मांडा खातो, आणि तेवढा वेळ मला वाटत राहतं की ती आत आहे, अजून चार मांडे टाकून येईल. यंदाचं शेवटचं असं तू म्हणालीस तेव्हा मला तुझ्याकडे बघवेना, म्हणून मी डोळ्याला कॅमेरा लावला.

ता. क. तिसरा, आणि खरं पत्र एवढंच. मला शिकव. तू हात वर करायचा नाहीस, खुर्चीत बसायचं आणि नुसतं ओरडायचं, ते तुला जमतं. आपल्या घराण्यात मांड्याला हात लावणारा बाप्या झाला नाही, तेव्हा अंगणात नको, आतल्या खोलीत गॅसवर खापर ठेवू आणि दार लावून घेऊ. तानुबाईंना दाजी ओट्यावरच अडवतील. कुंदाला मी दाजींचे गुडघे बघायला चाललो असं सांगितलं आहे. शनिवारी सकाळच्या पॅसेंजरने निघतो. नको असेल तर शुक्रवारपर्यंत फोन कर. फोन आला नाही तर, नखाने मांडा फाटतो असं तू म्हणायचीस, मी नखं कापून येतो.